नऊ महिन्यांतले वजन आणि मुलाचे पुढचे आयुष्य

गरोदर स्त्रीला तपासणीच्या प्रत्येक भेटीत वजनकाट्यावर उभे केले जाते, आकडा कार्डावर लिहिला जातो आणि तपासणी पुढे सरकते. बाळंतपण सुखरूप होईल की नाही, एवढ्याच दृष्टीने त्या आकड्याकडे बहुधा पाहिले जाते. गेल्या काही दशकांतील संशोधनाने मात्र गरोदरपणातील या वजनवाढीचा संबंध मुलाच्या शालेय वयातील रक्तदाबाशी, रक्तातील साखरेशी आणि मोठेपणीच्या वजनाशीही जोडून दाखवला आहे.

ही वाढ म्हणजे केवळ चरबी नव्हे. साधारण साडेबारा किलो वजन वाढले, तर त्यात तीन-सव्वातीन किलो बाळाचे असतात. वार, गर्भजल, मोठे झालेले गर्भाशय, स्तन, वाढलेले रक्त आणि शरीरात साठलेले पाणी यांचा वाटा मोठा असतो, आणि उरलेली तीनेक किलो चरबी स्तनपानाच्या काळासाठी शरीराने राखून ठेवलेली असते. म्हणून वजन वाढूच नये, ही अपेक्षा चुकीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक डॉक्टर मात्र ही वाढ फार मर्यादित ठेवायला सांगत.

आज बहुतेक ठिकाणी आधार घेतला जातो तो अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशींचा. दिवस राहण्यापूर्वी जिचा बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १८.५ ते २४.९ असेल, तिचे वजन ११.५ ते १६ किलो वाढावे. त्याहून कृश स्त्रीचे १२.५ ते १८ किलो. आणि बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असेल, तर ५ ते ९ किलो. गरोदरपणात दोघांपुरते खावे, असे मायेने सांगितले जाते. पण पहिल्या तीन महिन्यांत जादा ऊर्जेची गरज जवळजवळ नसते आणि शेवटच्या तिमाहीतही ती दिवसाला सुमारे ४५० कॅलरी एवढीच असते.

वाढ फार झाली, तर बाळाच्या शरीरात काय घडते? याचा एक धागा डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५२ मध्ये मधुमेही मातांच्या संदर्भात मांडला होता. आईच्या रक्तातील साखर वार ओलांडून बाळापर्यंत जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. आलेली साखर हाताळण्यासाठी बाळाच्या स्वादुपिंडाला स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करावे लागते, आणि त्याच्या प्रभावाखाली बाळाच्या अंगावर चरबी साठते. मधुमेह नसलेल्या, पण वजन फार वाढलेल्या मातांच्या बाबतीतही असेच काही सौम्य प्रमाणात घडत असावे, असे अभ्यासक मानतात.

उपासमारीचा परिणामही तितकाच खोल असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, तेव्हा माणशी शिधा काही काळ दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेला होता. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात या दुष्काळाची झळ लागलेल्या मुलग्यांमध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणा जास्त आढळला, असे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. हाँगकाँगमध्ये ९०५ मायलेकरांच्या पाहणीतही सातव्या वर्षी वाढलेला रक्तदाब आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची लक्षणे दोन्ही टोकांना दिसली: आईचे वजन शिफारशीपेक्षा कमी वाढले होते तिथे, आणि जास्त वाढले होते तिथेही.

इथे एक रास्त शंका उरते. आई आणि मूल एकाच घरात जेवतात आणि त्यांचे निम्मे जनुकही समान असतात. मग दोष गर्भावस्थेतील वाढीला का द्यावा? या प्रश्नाला सर्वांत समाधानकारक वाटणारे उत्तर डेव्हिड लुडविग आणि जॅनेट करी या संशोधकांच्या २०१० च्या अभ्यासातून मिळते. त्यांनी एका आईची तुलना दुसऱ्या आईशी केली नाही, तर एकाच आईच्या वेगवेगळ्या बाळंतपणांची आपसांत केली. अशा ५,१३,५०१ माता आणि ११,६४,७५० बाळे त्यात होती. ज्या गरोदरपणात वजन २४ किलोहून अधिक वाढले, त्यातील बाळ ८ ते १० किलो वाढीच्या बाळापेक्षा जन्मतः सरासरी १४९ ग्रॅमने जड होते. पुढे २०१३ मध्ये भावंडांच्याच तुलनेतून त्यांनी दाखवले की, हा परिणाम शालेय वयातही टिकतो. मात्र आईच्या प्रत्येक जादा किलोमागे मुलाचा बीएमआय केवळ ०.०२२ ने वाढतो. एकट्या मुलासाठी हे नगण्य आहे, लाखो मुलांच्या समाजासाठी नाही. आणि म्हणूनच चार किलो जास्त वाढले म्हणून कोणत्याही आईला अपराधी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय १,६२,१२९ माता आणि त्यांच्या मुलांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये झालेल्या विश्लेषणात मुलाच्या लठ्ठपणाशी अधिक घट्ट संबंध आढळला, तो गरोदरपणाआधीच्या वजनाचा. आहार-व्यायामाच्या ३६ चाचण्यांचा २०१७ मधील एकत्रित निष्कर्षही हेच सुचवतो: सल्ला आणि मदत मिळालेल्या स्त्रियांचे वजन सरासरी फक्त ०.७ किलोने कमी वाढले. सिझेरियनचे प्रमाण त्यामुळे घटले, ही जमेची बाजू खरी, पण दिवस राहिल्यानंतर हाती फार थोडा वेळ उरतो. वजन उतरवण्यासाठी त्या काळात उपाशी राहणे तर धोक्याचेच आहे.

बाळंतपणानंतर न उतरलेले वजन हे पुढच्या गरोदरपणाचे सुरुवातीचे वजन ठरते, आणि याच टप्प्यावर स्त्रीला वैद्यकीय आधार सर्वांत कमी मिळतो. स्वीडनमधील १,५१,०२५ स्त्रियांच्या नोंदी सांगतात की, पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणादरम्यान ज्यांचा बीएमआय ३ किंवा त्याहून अधिक अंकांनी वाढला, त्यांच्यात दुसऱ्या खेपेला गरोदरपणातील मधुमेह, रक्तदाबाचे विकार आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढलेला होता, आणि मुळात ज्यांचे वजन प्रमाणात होते त्याही याला अपवाद नव्हत्या.