गोठलेल्या तळ्याखालची माती

श्रोतेहो, नमस्कार. ओल्या चिकणमातीचा एक उभा काप डोळ्यांसमोर आणा, सुरीनं नुकताच कापलेला. सगळा एकसारखा करडा. आता तो थोडा सुकू द्या. हळूहळू त्यावर पट्टे उमटतात, फिकट, गडद, पुन्हा फिकट. पोयटा, म्हणजे चिकणमातीपेक्षा जरा भरड कणांचा गाळ, लवकर सुकतो, म्हणून फिकट दिसतो. चिकणमाती पाणी धरून ठेवते, ती गडदच राहते. असे दोन पट्टे मिळून एक वर्ष.

ही माती साठली हिमयुगाच्या अखेरीस, वितळत्या बर्फाच्या कडेला साचलेल्या पाण्यात. उन्हाळ्यात गढूळ पाणी यायचं आणि त्यातला पोयटा आधी तळाशी बसायचा. चिकणमातीचे कण मात्र इतके बारीक, की पाणी जरा हललं तरी तरंगत राहतात. हिवाळ्यात तळं वरून गोठलं, की वारा पाण्याला शिवत नसे, नवा गाळही येत नसे. मग त्या अंधाऱ्या, निश्चल पाण्यात महिनोन्महिने ते कण खाली उतरत राहत. मला या सगळ्यात हा हिवाळाच विलक्षण वाटतो.

स्वीडनचे भूवैज्ञानिक जेरार्ड डी गेअर यांनी १८७८ साली स्टॉकहोमच्या परिसरात हे पट्टे पाहिले आणि त्यांना झाडाच्या खोडातली वर्तुळं आठवली. या जोडपट्ट्याला स्वीडिश नाव मिळालं, वार्व. बर्फ जास्त वितळलं त्या वर्षीचा पट्टा जाड, कमी वितळलं तर बारीक. हा जाड-बारीक क्रम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जुळवता येतो. आणि प्रत्येक ठिकाणचा सर्वांत खालचा पट्टा म्हणजे तिथून बर्फ हटलं ते वर्ष! १९०५ च्या उन्हाळ्यात त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी हे पट्टे मोजायला उतरले. जुन्या अवशेषांचं वय ठरवणारी रेडिओकार्बन पद्धत यायच्या कितीतरी आधी, निव्वळ मोजणीतून, बर्फ वर्षाला किती मागे सरकलं ते कळलं.

पण ही माती जपूनच हाताळावी लागते. कॅनडात विनिपेगजवळ, अगासिझ नावाच्या प्रचंड हिमसरोवराच्या गाळावर, काँक्रीटचं धान्यकोठार बांधलं होतं. ऑक्टोबर १९१३ मध्ये ते भरत आलं असताना खचलं आणि दिवसभरात सुमारे २७ अंशांनी कलंडलं. वरची माती घट्ट होती, खालची मऊ. कोठार मात्र फुटलं नाही. धान्य काढून घेतलं, खाली थेट खडकापर्यंत खांब नेले आणि ते पुन्हा सरळ उभं केलं.