ओझिलचा पास

मंडळी, जर्मनीचा फुटबॉलपटू मेसूत ओझिल याचं नाव काढलं की लोक लगेच फोटोकडे वळतात. तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबरचा फोटो, त्यावरून उठलेलं वादळ, मग जर्मन संघातून राजीनामा. मीही तिथे येणार आहे, त्याला बगल देऊन या माणसाबद्दल बोलताच येत नाही. पण आधी थोडा वेळ पासबद्दल बोलू द्या. समोर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मोठी झालेली माणसं दिसताहेत, त्यांना याचा कंटाळा येणार नाही.

ओझिल खेळायचा तो दहा नंबरच्या जागेवर. प्रतिस्पर्ध्यांची मधली फळी आणि त्यांचे बचावपटू यांच्यामध्ये जो अरुंद पट्टा असतो, तिथे तो घुटमळत राहायचा. चेंडू लांब असतानाच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून कोण कुठे आहे ते टिपून घ्यायचा. त्यामुळे चेंडू पायाशी आला की विचार करायला वेगळा वेळ लागत नसे. डाव्या पायाचा एक हलका स्पर्श, आणि पास निघायचा तो सहकारी उभा आहे तिथे नाही, तर दोन सेकंदांनी जिथे पोहोचायला हवा तिथे. यात ताकद दिसत नाही, घाम दिसत नाही. टीव्हीवर तर निम्मं दिसतच नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावत असतो आणि ओझिलचं खरं काम चेंडू यायच्या आधी झालेलं असतं.

अशा खेळाडूचं एक दुखणं असतं. पास कितीही देखणा असला, तरी त्याचं मोल दुसऱ्याच्या पायावर ठरतं. २०१५-१६ च्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबकडून त्याने सहकाऱ्यांसाठी गोलच्या १४६ संधी तयार केल्या. त्यातून असिस्ट, म्हणजे ज्यावर थेट गोल झाला असे पास, नोंदले गेले १९. एका मोसमातला तेव्हाचा विक्रम तिएरी आँरीच्या नावावर होता, २० असिस्टचा. बाकीच्या संधींचं काय झालं? कोणी बारवरून मारला, कोणी थेट गोलरक्षकाच्या हातात दिला. पण कागदावर ओझिलचे उरले १९च.

स्वतः गोल करायची वेळ आली तर तो काय करायचा, ते पाहायचं असेल तर नोव्हेंबर २०१६ चा सोफियातला, बल्गेरियाच्या लुडोगोरेत्स क्लबविरुद्धचा सामना पाहा. चॅम्पियन्स लीग, २-२ बरोबरी, शेवटची दोन-तीन मिनिटं. मागून उंच चेंडू येतो आणि ओझिल एकटाच पुढे पळतो. पुढे सरसावलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून तो चेंडू अलगद उचलतो. रिकामा गोल समोर, दोन बचावपटू धापा टाकत परतलेले. आपण कोणीही असतो तर तिथेच मारून मोकळे झालो असतो. हा थांबतो. मारल्याचा नुसता आव आणतो, तेवढ्यावर दोघेही घसरत जमिनीवर जातात, आणि मग तो चेंडू सावकाश गोलमध्ये ढकलतो. शेवटच्या मिनिटांत एवढी फुरसत असलेला दुसरा खेळाडू माझ्या तरी डोळ्यांसमोर येत नाही.

हीच फुरसत त्याच्यावर उलटली. खांदे पडलेले, चेहरा ओढलेला, चेंडू गमावला की मान खाली. जिंकताना लोक याला शांतपणा म्हणत आणि हरताना आळस. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गाव. गेल्सनकिर्शेन. जर्मनीच्या रूर खोऱ्यातलं कोळशाचं शहर. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला. माणसं यावीत, काही वर्षं राबावीत आणि परत जावीत, अशी त्यामागची कल्पना. ती राहतील, त्यांना मुलं होतील, नातवंडं होतील, याचा विचार कोणी केला नव्हता. ना बोलावणाऱ्यांनी, ना येणाऱ्यांनी. ओझिलचं मूळ घराणं झोंगुलदाक भागातलं, काळ्या समुद्राकाठचं. गंमत म्हणजे झोंगुलदाकही कोळशाचंच. आजोबा आले तेव्हा वडील अगदी लहान होते. मेसूत जन्मला १५ ऑक्टोबर १९८८ रोजी, गेल्सनकिर्शेनमध्येच. जन्म जर्मनीतला, शाळा जर्मनीतली, तरी जन्माने तो तुर्की नागरिक, कारण त्या वेळचा जर्मन कायदा आईबापाचं रक्त पाहायचा, जन्माचं गाव नाही. पुढे जर्मन पासपोर्ट घेण्यासाठी त्याने तुर्की पासपोर्ट सोडला. एका हातात दोन ठेवायची मुभा नव्हती.

फुटबॉल तो शिकला बिस्मार्क नावाच्या वस्तीतल्या जाळी ठोकलेल्या मैदानावर. आसपासची पोरं त्याला माकडांचा पिंजरा म्हणायची. मैदान लहान, जमीन खडबडीत, पडलं की गुडघे सोलायचे. तिथे थोरल्यांबरोबर खेळताना चेंडू फार वेळ पायात ठेवून चालत नसे. पुढे स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबमध्ये दिसलेल्या एका स्पर्शाच्या खेळाची मुळं मला या पिंजऱ्यात दिसतात. मग गावातले छोटे क्लब, पाच वर्षं रोट-वाइस एसेन, तिथून शाल्क. शाल्कशी बिनसलं आणि जानेवारी २००८ मध्ये तो वेर्डर ब्रेमेनला गेला.

२००९ हे वर्ष कसं गेलं बघा. मे महिन्यात यूएफा कपची अंतिम लढत, इस्तंबूलमध्ये, तीही फेनेरबाचेच्या मैदानावर, म्हणजे लहानपणी ज्या क्लबसाठी जीव टाकला त्याच्याच घरी. ब्रेमेन हरलं. दहा दिवसांनी बर्लिनमध्ये जर्मन चषकाचा अंतिम सामना, लेव्हरकुसेनविरुद्ध १-० असा विजय, गोल ओझिलचा. जूनमध्ये २१ वर्षांखालील युरोपीय स्पर्धेत इंग्लंडचा ४-० असा फडशा. त्या संघात नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, खेदिरा, हॉवेडेस आणि ओझिल होते. पाच वर्षांनी रिओमध्ये विश्वचषक उंचावणाऱ्या चमूत हे सहाही जण होते.

पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा विश्वचषक. जर्मनीच्या २३ पैकी ११ खेळाडूंची पाळंमुळं देशाबाहेरची. खेदिराचे वडील ट्युनिशियाचे, बोआटेंगचे घानाचे, क्लोजं आणि पोडोल्स्की पोलंडमध्ये जन्मलेले, काकाउ ब्राझीलचा. घानाविरुद्ध ओझिलने लांबून मारलेल्या गोलवर जर्मनीने गट पार केला, मग इंग्लंडला चार, अर्जेंटिनाला चार. जगाने 'नवा जर्मनी' म्हणून टाळ्या वाजवल्या. रेआल माद्रिदने ऑगस्टमध्ये ओझिलला उचललं.

आणि आता पहिला फोटो. ८ ऑक्टोबर २०१०, बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम, जर्मनी विरुद्ध तुर्कस्तान. स्टेडियममध्ये हजारोंनी तुर्की पाठीराखे होते. ओझिलच्या पायात चेंडू गेला की शिट्ट्यांचा कल्लोळ. त्याने गोल केला आणि साजरा केला नाही. सामना जर्मनीने ३-० जिंकला. मग चॅन्सेलर अँगेला मर्केल ड्रेसिंग रूममध्ये गेल्या, आणि उघड्या अंगाच्या ओझिलशी हात मिळवतानाचा त्यांचा फोटो सरकारी प्रसिद्धी खात्याने वाटला. फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष त्यावर नाराज झाले होते, पण फोटो व्हायचा तेवढा गाजला. महिन्याभरात ओझिलला बांबी हा जर्मन माध्यमजगतातला पुरस्कारही मिळाला. विभाग कोणता? समाजात मिसळून जाण्याचा! गेल्सनकिर्शेनमध्ये जन्मलेल्या पोराला जर्मनीत चांगलं मिसळल्याबद्दल बक्षीस. त्या फोटोनंतर जेमतेम आठवड्याने पोट्सडामच्या सभेत मर्केलबाईंनी बहुसंस्कृतिवाद साफ फसल्याचं जाहीर केलं. दोन्हींत त्यांना विसंगती वाटली नसावी. एक फोटो सोयीचा, एक भाषण सोयीचं.

माद्रिदबद्दल मी थोडक्यात उरकतो. तीन वर्षं, एक स्पॅनिश लीग, रोनाल्डोला वाढलेली ताटंच्या ताटं. सप्टेंबर २०१३ मध्ये आर्सेनलने ४ कोटी २५ लाख पौंड मोजले, क्लबच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम. २०१४ चा एफए कप, त्याच उन्हाळ्यात विश्वचषक. जर्मन पाठीराख्यांनी त्याला पाच वेळा राष्ट्रीय संघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं, त्यातल्या दोन वेळा २०१५ आणि २०१६ मध्ये.

कुरकुर मात्र थांबली नव्हती. राष्ट्रगीत सुरू असताना हा गात नाही. तो सांगत आला की त्या वेळी मी मनात प्रार्थना म्हणतो. १९७४ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या बेकेनबाउअरच्या संघातले बरेच खेळाडू राष्ट्रगीताला तोंड मिटून उभे असत, त्यांच्या देशप्रेमाची कोणी चौकशी केली नाही.

दुसरा फोटो मे २०१८ चा, लंडनमधला. ओझिल आणि जर्मन संघातला त्याचा तुर्की वंशाचा सहकारी गुंडोगान तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांना आपापल्या क्लबचे शर्ट देताहेत. गुंडोगानने शर्टावर 'माझ्या राष्ट्राध्यक्षांना आदरपूर्वक' असं लिहिलं होतं. तुर्कस्तानात निवडणूक सहा आठवड्यांवर होती. २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर तिथे पत्रकार तुरुंगात गेले होते. डेनिस युजेल हा जर्मन वार्ताहर वर्षभर कोठडीत राहून नुकताच, फेब्रुवारीत, सुटला होता. ओझिलचं म्हणणं असं की मी माणसाला नव्हे, माझ्या पूर्वजांच्या देशातल्या सर्वोच्च पदाला मान दिला, यात राजकारण नव्हतं. मला हे पटत नाही. निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधाऱ्याशेजारी हसत उभं राहणं हे राजकारणच. जर्मन लोकांना राग आला, यात गैर काही नाही.

गैर पुढे घडलं. त्याच उन्हाळ्यात रशियातला विश्वचषक. मेक्सिकोकडून ०-१ असा पराभव. स्वीडनविरुद्ध ओझिलला बसवलं, जर्मनी भरपाई वेळेतल्या क्रूसच्या गोलवर कसंबसं जिंकलं. २७ जूनला काझानमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध तो परत आला. त्या सामन्यात त्याने सहकाऱ्यांसाठी सात संधी तयार केल्या. शेवटच्या काही मिनिटांत हुमेल्सला डोक्यावर मिळालेला चेंडू ओझिलचाच होता, तो बाहेर गेला. मग भरपाई वेळेत कोरियाचे दोन गोल, दुसऱ्याच्या वेळी तर गोलरक्षक नॉयर आपला गोल सोडून पार पुढे गेलेला. जगज्जेते गटातच गारद.

आणि खापर? संघव्यवस्थापक बिअरहोफ मुलाखतीत म्हणाले की ओझिलला वगळून जायचा विचार करायला हवा होता. पुढे ते शब्द त्यांनी मागे घेतले, पण बाण सुटला होता. बायर्न म्युनिक क्लबचे अध्यक्ष उली होनेस म्हणाले की हा माणूस वर्षानुवर्षं भिकार खेळतोय. म्हणजे पाठीराखे ज्या वर्षांत त्याला सर्वोत्तम ठरवत होते, तीही वर्षं त्यात आली. महासंघाचे अध्यक्ष ग्रिंडेल त्याच्याकडे खुलासा मागत राहिले. फोटो चुकला का, हा एक प्रश्न. काझानमध्ये जर्मनी का हरली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वापरून दुसरा निकालात काढला गेला. इथे ते पडलेले खांदे कामाला आले. मैदानातली सुस्त चाल आणि मनातली निष्ठा यांचा एकत्र पंचनामा झाला. त्याच दिवसांत जर्मनीचा माजी कर्णधार माथेउस पुतिन यांना भेटून हसत फोटो काढून आला, त्याच्याकडे कोणी खुलासा मागितला नाही.

२२ जुलैला ओझिलने तीन टप्प्यांत इंग्रजीत निवेदन काढलं आणि ९२ सामने, २३ गोलांवर राष्ट्रीय संघाचा शर्ट उतरवला. 'जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित,' हे त्यातलं वाक्य जगभर गेलं. माझ्या मते तो दोन महिने गप्प राहिला, ही त्याची मोठी चूक. गुंडोगान निदान एकदा पत्रकारांसमोर बसला. ग्रिंडेल यांनी नंतर कबूल केलं की वंशद्वेषी शिव्यांविरुद्ध आपण ठाम उभं राहायला हवं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये, भेट म्हणून घेतलेल्या एका महागड्या घड्याळापायी, त्यांनाच पद सोडावं लागलं, ते जाऊ द्या.

यानंतरचा ओझिल माझ्यासारख्या चाहत्याला अवघड जातो. २०१९ मध्ये त्याच्या लग्नात साक्षीदार म्हणून एर्दोगान उभे राहिले. त्याच डिसेंबरात त्याने चीनमधल्या उइगुर मुसलमानांच्या छळाबद्दल लिहिलं. चिनी सरकारी वाहिनीने आर्सेनल-मँचेस्टर सिटी सामना दाखवला नाही, आणि आर्सेनलने, आम्ही राजकारणापासून दूर असतो, म्हणत हात झटकले. त्या वेळी तो बोलला हे मला मोलाचं वाटतं. मार्च २०२० नंतर आर्सेनलने त्याला मैदानात उतरवलंच नाही. मग फेनेरबाचे, मग बाशाकशेहिर, आणि मार्च २०२३ मध्ये निवृत्ती. फेब्रुवारी २०२५ मध्ये एर्दोगान यांच्या पक्षाच्या कार्यकारिणीवर त्याची निवड झाली. म्हणजे २०१८ च्या फोटोत राजकारण नव्हतं, हा खुलासा त्यानेच निकालात काढला. पण म्हणून काझानमधल्या सात संधींच्या सहा होत नाहीत.

गुंडोगानही गेल्सनकिर्शेनचाच, दोन वर्षांनी धाकटा, फोटोही तोच. त्यालाही शिट्ट्या पडल्या, तो टिकला, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत यजमान जर्मनीचा कर्णधार झाला. ती स्पर्धा चालू असतानाच, २७ जूनला, जर्मनीत नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. आता जर्मन पासपोर्टसाठी जुना सोडावा लागत नाही.

राष्ट्रीय संघाचा शर्ट मात्र अजून एकच निवडावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बर्लिनच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियमवर जर्मनी आणि तुर्कस्तान पुन्हा भेटले. जर्मनीचा कर्णधार गुंडोगान. आणि तुर्कस्तानकडून केनान यिल्दिझ नावाच्या १८ वर्षांच्या पोराने गोल केला. जन्म रेगेन्सबुर्गचा, बायर्नच्या अकादमीत घडलेला. तुर्कस्तान ३-२ जिंकलं. पोराचा खेळ पाहून ठेवा, सध्या इटलीच्या युव्हेंटस क्लबमध्ये दहा नंबरचा शर्ट घालतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.