अटक कधी झाली आणि कधी दाखवली

श्रोतेहो, नमस्कार.

'अटक दाखवली' हे शब्द तुम्ही बातम्यांत ऐकले असतील. अटक केली नव्हे, दाखवली. माणसाला सोमवारी रात्री घरून नेलेलं असतं, घरच्यांना 'चौकशीसाठी न्यायचंय' एवढंच सांगितलेलं असतं, आणि कागदावर अटकेची वेळ पडते ती बुधवारी दुपारची. अटकेनंतर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करा, असं राज्यघटनेचं कलम २२ सांगतं. पण हे २४ तास कुठून मोजायचे? ज्याला चौकशी करायची आहे त्याच्याच भिंतीवरच्या घड्याळावरून. खोटे कबुलीजबाब, कोठडीतली मारहाण, कॅमेरे, वकिलाची हजेरी यांवर जगात ठिकठिकाणी वाद चालू आहेत. ते नीट उकलून पाहिले तर बरेचसे या घड्याळापाशीच येऊन थांबतात.

सुरुवात जपानपासून करू, कारण तिथे वेळेची लपवाछपवी करायची गरजच पडत नाही. पोलिसांना ४८ तास, सरकारी वकिलाला २४ तास, मग न्यायाधीशाच्या परवानगीनं १० दिवस आणि त्यावर आणखी १० दिवस. एकूण २३ दिवस, तेही दोषारोप ठेवण्याआधी, आणि बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत. या काळात जामीन नाही. वकील भेटू शकतो, पण चौकशीच्या खोलीत बसण्याचा हक्क त्याला नाही. शिवाय दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा अटक केली की २३ दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू. निसान कंपनीचे प्रमुख कार्लोस घोन २०१८ च्या नोव्हेंबरात पकडले गेले आणि पहिल्यांदा जामिनावर सुटेपर्यंत १०८ दिवस गेले, ते याच पद्धतीनं.

एवढ्या वेळात काय होतं, ते इवाओ हाकामादा यांच्या खटल्यात दिसतं. चौघांच्या खुनाच्या आरोपावरून त्यांना १८ ऑगस्ट १९६६ रोजी अटक झाली. दिवसाला सरासरी १२ तास चौकशी चालली आणि ६ सप्टेंबरला त्यांनी कबुली दिली. तिथे जबाब प्रश्नोत्तरांत लिहीत नाहीत. अधिकारी स्वतःच्या शब्दांत 'मी असं केलं, मग मी तसं केलं' असं सलग निवेदन लिहितो आणि खाली आरोपीची सही घेतो. असे ४५ जबाब तयार झाले. १९६८ मध्ये न्यायालयानं त्यांतले ४४ बाद केले, एक ग्राह्य धरला आणि फाशी सुनावली. निकाल देणाऱ्या तिघा न्यायाधीशांपैकी एकानं २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की, आपल्याला त्या वेळीही आरोपी निर्दोष वाटत होता. हाकामादा २०१४ मध्ये तुरुंगाबाहेर आले आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, निर्दोष ठरले. पुरावे बनावट होते, असं न्यायालयानं म्हटलं, आणि त्या बनावट पुराव्यांत त्या उरलेल्या एका जबाबाचाही समावेश केला.

न केलेला गुन्हा माणूस कबूल कसा करतो, हा प्रश्न इथे येतोच. मारहाण हे एकच उत्तर नाही. झोप तुटलेली, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही, आणि समोरचा म्हणतो, सही कर म्हणजे आजचं संपेल. शिक्षा दूरची आणि अंधूक असते, सुटका पाच मिनिटांवर दिसत असते. वय लहान असेल, बुद्धीची वाढ कमी असेल, नशा उतरत असेल, तर हे आणखी लवकर घडतं. मग त्या कबुलीत खुनाचे अचूक तपशील येतात कुठून? चौकशी करणाऱ्याच्या प्रश्नांतूनच. 'चाकू कपाटामागे टाकलास ना?' असं दहा वेळा विचारलं की अकराव्या वेळी कपाट आरोपीच्या तोंडून निघतं. कसलेला तपासी अंमलदार म्हणूनच दोन-तीन खुणा स्वतःपाशी राखून ठेवतो. त्या वर्तमानपत्रात जाऊ देत नाही, प्रश्नातही आणत नाही. आरोपीनं आपणहून सांगितल्या तरच त्या कबुलीला वजन.

इंग्लंडनं या दुखण्यावर एक साधा उपाय काढला. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो: घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यानं ठाण्यात कस्टडी ऑफिसर हे वेगळं काम निर्माण केलं. तो बहुधा सार्जंट असतो आणि त्या गुन्ह्याच्या तपासाशी त्याचा संबंध नसतो. माणसाला आत आणलं की पहिली गाठ त्याच्याशी. डांबून ठेवण्याची गरज आहे का, हे तो ठरवतो आणि कोठडीची नोंदवही उघडतो. कधी आणलं, कधी जेवण दिलं, वकील कधी आला, चौकशीला कुणी आणि किती वाजता नेलं, हे सगळं त्यात. वकील फुकट मिळतो, मग ऐपत असो वा नसो. पहिल्या ६ तासांनी आणि नंतर दर ९ तासांनी तपासाबाहेरचा अधिकारी फेरविचार करतो. २४ तासांतले ८ तास सलग विश्रांतीचे. २४ तासांनंतर गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकारी ३६ तासांपर्यंत मुदत वाढवू शकतो. त्यापुढे दंडाधिकारी न्यायालय लागतं, आणि ९६ तासांवर सगळं संपतं. दहशतवादाच्या प्रकरणांत मर्यादा १४ दिवसांची आहे.

हे काही पोलिसांना एके दिवशी सुचलं म्हणून झालं नाही. १९७२ मधल्या एका खुनात तीन मुलांनी खोटी कबुली दिली, त्याची चौकशी झाली, त्यातून रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमला गेला आणि मग कायदा आला. पुढे १९७५ सालची बॉम्बस्फोटांची दोषसिद्धीही कोसळली: गिल्डफर्डचे चौघे १९८९ मध्ये आणि बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ मध्ये सुटले. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौकशीची रीतच बदलली. आधी तयारी, मग ओळख आणि हक्क सांगणं, मग 'काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग' असा मोकळा प्रश्न आणि मध्ये न तोडता ऐकणं. पुराव्याशी विसंगत काय ते शेवटी, शांतपणे पुढे ठेवायचं. नसलेला पुरावा आहे म्हणून सांगायला तिथे बंदी. नॉर्वेनं ही पद्धत उचलली.

पण वेळ एकीकडे आवळला की दाब दुसरीकडून बाहेर पडतो. २०१७ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये दोषारोपाआधीच्या जामिनाला २८ दिवसांची प्राथमिक मर्यादा घातली. पोलिसांनी काय केलं? जामीन देणंच कमी केलं आणि माणसाला 'तपास चालू आहे' असं सांगून नुसतं सोडायला सुरुवात केली. त्याला मुदतच नव्हती. माणूस कोठडीत नाही आणि मोकळाही नाही, असे महिनोन्‌महिने जाऊ लागले. तक्रारदार बायकांना तर कसल्याही अटींचं संरक्षण उरलं नाही. शेवटी २०२२ मध्ये पुन्हा कायदा बदलावा लागला.

अमेरिकेत उलटी तऱ्हा. १९६६ च्या मिरांडा निकालामुळे गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आधी सांगावाच लागतो. चित्रपटांमुळे जगभर पाठ झालेलं वाक्य आहे ते. मात्र १९६९ च्या एका निकालापासून चौकशीत खोटं बोलायलाही पोलिसांना मोकळीक आहे. 'तुझ्या साथीदारानं सगळं सांगितलं' ही थाप तिथे चालते. अल्पवयीनांच्या बाबतीत ती बंद करणारं पहिलं राज्य इलिनॉय, तेही २०२१ मध्ये. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्काराच्या प्रकरणात १९८९ साली पाच मुलांपैकी चौघांचे कबुलीजबाब व्हिडिओवर होते आणि ज्यूरीला ते पटले. त्याआधीची अनेक तासांची चौकशी मात्र कुठेच रेकॉर्ड झालेली नव्हती. खरा गुन्हेगार आणि त्याचा डीएनए २००२ मध्ये पुढे आला. कॅमेरा केव्हा सुरू झाला, यावर सगळं अवलंबून असतं. तो कुठे रोखला आहे, यावरही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे की फक्त आरोपीचा चेहरा दिसत असेल तर पाहणाऱ्याला कबुली स्वखुशीची वाटते; आरोपी आणि अधिकारी दोघेही एका चौकटीत दिसले की तसं वाटणं कमी होतं.

आता आपल्याकडे. मकोकासारखे खास कायदे सोडले, तर पोलिसांसमोरची कबुली आपल्या न्यायालयात चालतच नाही. १८७२ पासूनचा हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्यालाच एक खिडकी ठेवलेली आहे: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला तेवढा भाग चालतो. 'मी भाला अमुक ठिकाणी लपवला' हे ग्राह्य, 'त्याच भाल्यानं मी मारलं' हे अग्राह्य. ही रेघ प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयानं, पुलुकुरी कोट्टयाच्या खटल्यात आखून दिली. परिणाम असा झाला की सगळा जोर निवेदन पंचनाम्यावर, म्हणजे 'वस्तू काढून देतो' हे आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहिलेल्या कागदावर, आला. वस्तू आधीच सापडलेली आणि पंच नेहमीचे, हा बचाव सत्र न्यायालयात रोज ऐकू येतो. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण कायद्यानंच सक्तीचं आहे. चित्रणात पाहायचं ते एवढंच, की ते वस्तू हातात आल्यावर सुरू होतं की ठाण्यातून निघण्याआधी.

त्याच दिवसापासून पीसीआरचा, म्हणजे पोलीस कोठडीचा, हिशेबही बदलला. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच, पण पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच संपवावी लागे. आता गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली म्हणजे ठाण्याची पायरी संपली, असं आता आरोपीला म्हणता येत नाही.

राहिले कॅमेरे. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्याचं फाटक, लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू, अशी जागांची यादीच दिली. आवाजासह चित्रण, आणि जतन १८ महिने, ते जमलंच नाही तर निदान एक वर्ष. आता हिशेब करा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगानं दिवसाला २१–२२ जीबी भरतो. १४ कॅमेऱ्यांचे झाले ३०० जीबी. ४ टीबीची डिस्क दोन आठवड्यांच्या आत भरते आणि डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, जुन्यावरच नवं लिहू लागतं. १८ महिन्यांना सुमारे १६५ टीबी लागतात. डिस्कच्या खरेदीचा कागद पाहिला की आदेश पाळला की नाही ते कळतं, कॅमेरे मोजायची गरज नाही. दुसरं दुखणं डीव्हीआरच्या घड्याळाचं. आतला सेल संपला की वीज जाऊन आल्यावर वेळ भलतीच दाखवतो. म्हणून प्रत घेताना खरी वेळ आणि यंत्रातली वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहायचा, हॅश मूल्य, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे पडताळायचा आकडा, नोंदवायचं आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन्ही भागांसह जोडायचं.

घरच्यांनी करायचं ते पहिल्या रिमांडच्या दिवशीच. चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे आणि एक प्रत ठाण्यात, पोच घेऊन. मागणी फाटकावरच्या कॅमेऱ्याची आधी, लॉकअपची नंतर. आणि अर्जात 'अटकेच्या वेळेपासून' असं लिहू नका. माणूस घरून निघाला त्या वेळेपासूनचं मागा.