पिशवी काढली की संपलं?

(दृश्य: ग्रामीण रुग्णालय, बायकांच्या ओपीडीची रांग)

"मॅडम, गर्भाची पिशवीच काढून टाका, कटकट नको." अंग बाहेर येतंय, म्हणजे पिशवी खाली उतरून योनीतून बाहेर डोकावतेय, हे सांगायला आलेली बाई बहुतेकदा वर्षानुवर्षं सोसून आलेली असते. बसलं की टोचतं, लघवी अडते. मग आडोशाला जाऊन बोटांनी अंग आत सारायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. जावेलाही पत्ता नसतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी तपासणी आणि उपचार मिळाले होते जेमतेम ८ टक्के जणींना.

आता, दोष पिशवीचा नसतोच. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध ताणतात, फाटतात. पिशवी नुसती खाली घसरते. ती काढली आणि योनीचा वरचा भाग नीट बांधून घेतला नाही, तर पुढे तोच उतरतो. मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी तर पिशवी न काढता ती पट्टीनं वर टांगायच्या शस्त्रक्रिया बसवल्या, मूल हवं असलेल्या तरुण बायकांसाठी. पुरंदऱ्यांची पट्टी पुढे, पोटाच्या भिंतीला. शिरोडकरांची मागे, त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाला.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, टाके घालणारे हात)

पण टाके घालायचे ते त्याच ताणलेल्या बंधांना. अमेरिकेत योनिमार्गातून होणाऱ्या दोन शस्त्रक्रियांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला, निष्कर्ष २०१८ साली आले. डॉक्टरांच्या कडक निकषांवर एकीत सुमारे ६२ टक्के, दुसरीत ७० टक्के अपयश. आकडा धसका बसवणारा आहे, पण तपासणीत अंग थोडं खाली दिसलं तरी ते अपयशातच धरलं होतं. पुन्हा उपचार लागले ते साधारण दहातल्या एकीला, आणि बहुतेकींचा त्रास आधीपेक्षा कमीच राहिला. मला विचाराल तर बाईच्या लेखी हाच हिशेब खरा.

उतरलेल्या भागाला आधार देणाऱ्या कृत्रिम जाळीनं हे दुखणं कायमचं मिटेल, असं वाटलं होतं. पण पोटातून बसवलेली जाळीसुद्धा सात वर्षांत शंभरातल्या दहाएक जणींना आतून घासून उघडी पडली. योनिमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेनं एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, 'जड उचलू नये'. ते कार्ड नुसतं बाईच्या हातात न देता सासूसमोर, नवऱ्यासमोर वाचून दाखवणारी एखादी सिस्टर भेटते. सगळीकडे नाही भेटत.