‘पोचली’ आणि ‘खाली झाली’

(दृश्य : पहाट. इंदूर, ट्रान्सपोर्ट नगर. भरलेल्या गाडीवर ताडपत्री ओढली जाते आहे. रस्सा आवळल्याचा आवाज.)

माझे काका बत्तीस वर्षं इथल्याच एका कचेरीत बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहीत होते. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीचं एक लांबलचक रजिस्टर असायचं. गाडी नंबर, माल, वजन, गाव, भाडं, आणि शेवटी तारखांचे तीन रकाने. निघाली. पोचली. खाली झाली.

शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. एकदा विचारलं, पोचली आणि खाली झाली यांत फरक काय? काका लिहिता लिहिता म्हणाले, "बाळा, पोचल्यावर भाडं सुटत नाही. खाली झाल्यावर, म्हणजे माल उतरल्यावर सुटतं."

नागपूर, पुणे, सुरत या गावांपुढे दोन्ही रकान्यांत बहुतेक एकच तारीख असे, फार तर दुसऱ्या दिवसाची. पण एक गाव होतं, बनगाव. त्याच्यापुढच्या दोन तारखांमध्ये आठवडा जाई, कधी दोन आठवडे. बनगाव कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. गाडी तिथं जाऊन बसते, एवढंच कळत होतं.

पश्चिम बंगालमधलं बनगाव. त्याच्या पुढे काही किलोमीटरवर पेट्रापोल, आणि फाटकापलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. त्या दोन तारखांमध्ये काय होतं, ते बघायला आम्ही निघालो.

(दृश्य : सोयाबीनचा ढीग. प्लांटमधून बाहेर येणाऱ्या गोण्या.)

माळव्यात सोयाबीनचं तेल निघालं की मागे उरते ती डीओसी, म्हणजे डी-ऑइल्ड केक. इंदूरच्या बाजारात तिला दुसरं नाव कोणी घेत नाही. ही पेंड म्हणजे कोंबड्यांचं आणि माशांचं खाद्य. बांगलादेशात कुक्कुटपालन आणि मत्स्यशेती दोन्ही जोरात, त्यामुळे आपली पेंड तिथं जाते. नेपाळलाही जाते. सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना, सोपा, १९७९ पासून इंदुरातच आहे. देवासच्या एखाद्या शेतकऱ्याला सोयाबीनचा जो भाव मिळतो, त्यात बांगलादेशातल्या जेसोरच्या कोंबडीचाही वाटा असतो.

३० टनांची गाडी म्हणजे ५० किलोच्या ६०० गोण्या. हा आकडा लक्षात असू द्या.

(दृश्य : धावता रस्ता. झाशी, कानपूर, वाराणसी, मग जीटी रोड. धाब्यावर तोंड धुणारा ड्रायव्हर.)

इंदूर ते पेट्रापोल सुमारे १,७०० किलोमीटर. गाडी सुरळीत चालली तर चार-पाच दिवस. धनबाद, आसनसोल मागे पडतं, कोलकाता येतं, आणि मग जेसोर रोड. दोन्ही बाजूंना जुने, अवाढव्य शिरीष. त्यांच्या फांद्या रस्त्यावर कमान करून उभ्या. इतका सुंदर रस्ता मी क्वचित पाहिला आहे. आणि त्या सावलीत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग.

(दृश्य : पार्किंग. गाडीखाली स्टोव्हवर भात शिजतो आहे. दोरीवर वाळत घातलेले कपडे.)

इथं संसार मांडावा लागतो. ड्रायव्हर आणि क्लीनर स्टोव्ह पेटवतात, कपडे धुतात, घरी फोन करतात, पुन्हा नंबर कधी लागेल ते विचारतात. शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा कागद, तपासणी, क्लिअरिंग एजंटची धावपळ, गाडी पलीकडे न्यायला लागणारा कार पास. हे सगळं झालं की गाडी सीमारेषेवरचा झीरो पॉइंट ओलांडून बेनापोलच्या आवारात जाते. आणि तिथंच थांबते. त्यापुढे तिला परवानगी नाही.

मग ६०० गोण्या उतरतात. हमालांच्या डोक्यावरून, पाठीवरून, एक एक करून. बेनापोलच्या आवारात जागा असली तर लगेच, नसली तर ड्रायव्हर परक्या मुलखात गाडीतच मुक्काम करतो. उतरलेला माल पुन्हा बांगलादेशी गाडीत चढतो आणि ढाक्याकडे निघतो. पावसाळ्यात या चढउतारात डीओसी भिजली की तिचे गठ्ठे होतात, बुरशी धरते. काकांच्या रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात लिहिलेलं मला आठवतं : ‘४० नग ओले’. त्या चाळीस गोण्यांचे पैसे कोणी द्यायचे यावर सहा महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी ते गाडीमालकाच्या भाड्यातून कापले गेले. गाडीमालकाची चूक एकच होती : पाऊस पडत असताना त्याची गाडी तिथं उभी होती.

जागतिक बँकेच्या अभ्यासात पेट्रापोल–बेनापोल ओलांडायला लागणारा वेळ मोजलेला आहे. १३८ तास. त्यातले २८ तास निव्वळ माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवण्यात. १३८ तास म्हणजे पावणेसहा दिवस. इंदूरहून १,७०० किलोमीटर यायला लागले त्याहून जास्त, आणि तेवढ्यात ओलांडायचं काय, तर एक फाटक. जगात इतरत्र, अगदी पूर्व आफ्रिकेतही, एवढीच वर्दळ असलेली सीमा सहा तासांच्या आत पार होते. २०२१ च्या अहवालात याच बँकेनं म्हटलं आहे की भारतातल्या एखाद्या कंपनीला बांगलादेशाशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी करणं १५ ते २० टक्के स्वस्त पडतं.

शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायला सगळ्या गावाला वळसा घालावा, तसं हे.

(दृश्य : खांडवा जंक्शन. मग पातालपाणीचा घाट, जुन्या मीटरगेजचे रूळ.)

हे बघताना मला खांडवा आठवलं. इंदूरकरांना हे परकं वाटू नये.

१८७० च्या सुमारास तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. १०१ वर्षांच्या मुदतीनं, साडेचार टक्के व्याजानं. कशासाठी? खांडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणण्यासाठी. खांडवा होळकरांचं नव्हतं, ते इंग्रजी मुलखात. म्हणजे इंदूरची पहिली रेल्वेच मुळात सीमा ओलांडणारी. विंध्याचा घाट उतरून, मोरटक्क्याला नर्मदेवर पूल टाकून ती खांडव्याला भिडली. दुसऱ्याच्या हद्दीतल्या जंक्शनला आपलं शहर जोडायला आपल्या खजिन्यातून कोटभर रुपये काढणं, त्या काळात! त्या माणसाची नजर केवढी लांब असेल.

पण एक गोष्ट राहून गेली. इंदूरची गाडी मीटरगेज, आणि खांडव्याहून मुंबईला जाणारी ब्रॉडगेज. डबे पुढे जाऊ शकत नव्हते. मग माळव्याचा माल खांडव्याला उतरायचा आणि दुसऱ्या डब्यात चढायचा. रूळ दोन्हीकडे होते, इंजिन दोन्हीकडे होतं, फक्त रुळांमधलं अंतर सारखं नव्हतं. बेनापोलला रुळांऐवजी कागद आहेत. गाडीचा विमा, परमिट, ड्रायव्हरचा परवाना, हे सगळं एका देशाच्या मापाचं, दुसऱ्या देशात बसत नाही. माणसाच्या डोक्यावरून जाणारी गोणी तीच.

आणि त्या काळी माळव्यातच सीमा किती! होळकर, शिंदे, धारचे पवार, रतलाम, जावरा. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं. जिथं तिथं जकात. आजही इंदुरात आपण ‘देवास नाका’ म्हणतो. तिथं आता नाका नाही, गोदामं आहेत, पण शब्द चिकटून राहिला आहे.

(दृश्य : आग्रा–मुंबई रस्ता, सेंधव्याकडे. घाट.)

राज्यं गेली, पण नाकी लगेच गेली नाहीत. सेंधव्यापुढे महाराष्ट्राच्या हद्दीवर गाड्या कशा तुंबायच्या, हे माझ्या वयाच्या कोणालाही सांगायला नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्याराज्यांतली विक्रीकराची नाकी उठली. पुढच्या वर्षी मालासोबतचा ऑनलाइन कागद, ई-वे बिल, आलं. जीएसटीबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी खूप आहेत आणि त्यांतल्या कितीतरी खऱ्या आहेत, पण नाक्यावरची रांग परत यावी असं म्हणणारा ड्रायव्हर मला भेटलेला नाही. रस्ता तोच राहिला, घाट तोच राहिला. तपासणी गाडीवरून कागदावर गेली, एवढंच.

(दृश्य : थिंफूचे डोंगर. मग भूतान, बांगलादेश, भारत, नेपाळ यांचा नकाशा.)

देशांच्या सीमेवर हे करायचा प्रयत्न झाला आहे. नोव्हेंबर २०१४, काठमांडूची सार्क परिषद. सगळ्या दक्षिण आशियासाठी मोटार वाहन करार व्हायचा होता, पाकिस्तान तयार झाला नाही. मग उरलेल्यांपैकी चौघांनी, बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी, १५ जून २०१५ रोजी थिंफूला वेगळा करार केला. एका देशाची गाडी दुसऱ्या देशात थेट जाईल, माल मध्येच उतरणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याहून ढाकामार्गे आगरताळ्याला एक गाडी चाचणी म्हणून गेली सुद्धा. भारताच्या हद्दीतूनच जायचं तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून वळसा घालून हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर होतं, बांगलादेशातून त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मग भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहानं करार नाकारला. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. छोटा देश, अरुंद डोंगरी रस्ते, बाहेरच्या गाड्यांचा लोंढा आला तर धूर आणि गर्दी त्यांच्या वाट्याला, धंदा आपल्या वाट्याला. भूताननं बाकीच्यांना पुढे जायला सांगितलं. मार्च २०२२ मध्ये उरलेल्या तिघांची दिल्लीत बोलणी झाली. पण सह्या होऊन दहा वर्षं उलटली तरी नेहमीची मालवाहतूक त्या करारानं सुरू झालेली नाही.

(दृश्य : रक्सौल. भन्सार कार्यालयाबाहेर गाड्या.)

नेपाळचं वेगळं आहे. तिथं आपली गाडी आत जाते. ‘भन्सार’ हा नेपाळी जकातीचा शब्द इंदूरच्या ड्रायव्हरांच्या तोंडी इतका रुळला आहे की तो नेपाळी आहे हे त्यांना सांगावं लागतं. पण २०१५ च्या सप्टेंबरपासून जवळजवळ पाच महिने रक्सौल–वीरगंजचा रस्ता तुंबला होता, तेव्हा काठमांडूत घराघरांत लाकडावर स्वयंपाक करायची वेळ आली. ज्या देशाला समुद्र नाही, त्याच्यासाठी सीमेवरची रांग थेट चुलीपर्यंत येते. पुढे १० सप्टेंबर २०१९ ला मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची इंधनवाहिनी सुरू झाली. दोन देशांना जोडणारी दक्षिण आशियातली पहिली. १९७३ पासून टँकरनं जाणारं डिझेल आता जमिनीखालून जातं.

म्हणजे ठरवलं की होतं. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामध्ये चिरुंडू नावाचं ठाणं आहे, झांबेझी नदीवर. दोन्ही देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत. डिसेंबर २००९ पासून तिथं गाडी एकदाच थांबते. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसतात आणि एकाच वेळी तपासतात.  टेबलं शेजारी शेजारी आणली.

(दृश्य : पुन्हा पेट्रापोल. नवं फाटक.)

पेट्रापोललाही काम झालं आहे. २०१६ मध्ये एकात्मिक तपासणी नाकं उभं राहिलं. २०२२ पासून पश्चिम बंगालमध्ये ‘सुविधा’ या पोर्टलवरून गाडीचा नंबर आधी घेता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालगाड्यांसाठी ‘मैत्री द्वार’ हे वेगळं फाटक उघडलं.

आणि मग २०२५. एप्रिलमध्ये भारतानं बांगलादेशाचा माल आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशानं जमिनीवरच्या ठाण्यांतून भारतीय सूत घेणं बंद केलं. मे महिन्यात भारतानं बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरच्या ठाण्यांतून बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतून यायचे असं ठरवलं. दोन सरकारांमध्ये राग असू शकतो, त्याची कारणंही असतात. पण सूत तेच, शिलाई करणारी बाई तीच, आणि शेजारच्या जिल्ह्यात जाणारा माल आता समुद्राच्या वाटेनं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. रस्त्यांवर, फाटकांवर, गोदामांवर दोन्हीकडच्या लोकांचा पैसा लागला आहे. भांडणाच्या पहिल्या दिवशी तेच आधी बंद होतं.

(दृश्य : बेनापोलच्या दिशेनं पाहणारा हमाल. खांद्यावर गमछा.)

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ते २८ तास कोणाच्या तरी रोजीचे आहेत. माल थेट ढाक्याला गेला तर या हमालांचं काय, बनगावच्या पार्किंगवाल्यांचं काय, पलीकडच्या एक-दोन गाड्यांच्या मालकांचं काय? करार अडतात ते फक्त दिल्ली-ढाक्यात नाही, इथंही अडतात. माझं मत विचाराल तर या माणसांना आधी जागा द्या, मग फाटक उघडा. गोदामात, शीतगृहात, क्रेनवर त्यांना शिकवून घेता येईल. ६०० गोण्या पाठीवर वाहणं हे काही कोणी आपल्या मुलासाठी मागत नाही.

(दृश्य : इंदूर. ट्रान्सपोर्ट नगर. संध्याकाळ.)

काका आता निवृत्त आहेत. रजिस्टर गेलं, संगणक आला. त्यांच्या जागी बसलेल्या मुलीनं आम्हाला पडद्यावरचा तक्ता दाखवला. गाडी नंबर, माल, वजन, गाव, भाडं. आणि शेवटी, तेच तीन रकाने.

आजची गाडी डीओसीची आहे. बनगाव. तिनं ‘निघाली’पुढे तारीख टाकली. बाहेर ड्रायव्हरनं समोरच्या काचेला लिंबू-मिरची बांधली, ताडपत्रीची गाठ एकदा ओढून बघितली आणि गाडी देवास नाक्याकडे वळवली.