वारबेर्यला गेलात तर टॉवेल प्रत्येकी एक घ्या

नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'स्वीडनच्या अभ्यासक' म्हटलं. तेवढं इतिवृत्ताच्या वहीतून खोडा. मी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि माझी मुलगी योतेबोर्यला राहते, एवढ्याच भांडवलावर मी इथे उभी आहे.

योतेबोर्य म्हणजे आपल्या नकाशातलं गोथेनबर्ग. मी मुलांकडून 'गोथेनबर्ग' दहा-दहा वेळा लिहून घेतलंय. विमानतळावर उतरले आणि सहा वर्षांच्या नातीने मला दुरुस्त केलं, "आजी, योतेबोर्य." तिकडे शब्दाच्या शेवटी 'र'ला लागून 'ग' आला की त्याचा 'य' होतो. तर आजचं आपलं गाव, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, तेही वारबर्ग नाही, वारबेर्य. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी इथे असेल तर त्याची मी माफी मागते. त्या काळी कापलेला अर्धा मार्क मात्र परत मिळणार नाही. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय 'स्वीडनचा समुद्रकिनारा : काय पाहावे, काय करावे'. 'पाहावे'वर मी येते. आधी एक तक्रार सांगायची आहे, कारण ती सांगितल्याशिवाय माझं पुढचं बोलणं तुम्हाला कळायचं नाही.

वारबेर्यला मी पहिल्यांदा गेले ती एका सहलीबरोबर. कंपनीचं नाव सांगत नाही. अकरा दिवसांत चार देश. कोपनहेगनहून ओस्लोला जाताना महामार्ग स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याने वर जातो आणि वारबेर्य त्याच वाटेवर आहे. बस थांबली. आमच्या मार्गदर्शकाने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "फोटो स्टॉप, चाळीस मिनिटं, वॉशरूम समोर." आम्ही बेचाळीस जण. वॉशरूमचं दार कार्डाने उघडणारं, कारण त्या देशात सुटे पैसे कोण बाळगतच नाही. कार्ड चालत होतं फक्त सोलापूरच्या एका डॉक्टरांचं. त्या भल्या माणसाने एकेकाला आत सोडलं. पस्तीस मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या पाच मिनिटांत मी धावत धक्क्यापर्यंत गेले, तर समोर पाण्यात खांबांवर उभी एक लाकडी इमारत. घुमट, मिनार, कमानी. एखाद्या संस्थानिकाला खुळ लागावं आणि त्याने समुद्रात हवामहाल बांधावा, तशी. मी विचारलं, हे काय आहे? मार्गदर्शक म्हणाला, "रेस्टॉरंट असेल, मॅडम. बस सुटतेय."

रेस्टॉरंट असेल! आता मी माणसावर रागावत नाही, त्यालाही कुणी तिथे चाळीस मिनिटांच्या वर थांबू दिलं नसणार. पण माझ्या डोक्यातून तो हवामहाल जाईना. दोन वर्षांनी लेकीकडे गेले तेव्हा तिला म्हटलं, मला बाकी काही दाखवू नकोस, मला तिथे ने. योतेबोर्यहून रेल्वेने पाऊण तासही लागत नाही. यजमान बरोबर होते. ते आज पहिल्या रांगेत बसलेत आणि पुढचा प्रसंग सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतलेली आहे. (यजमान : "घेतलेली नाही." हशा)

त्या इमारतीचं नाव काल्लबादहुसेत. काल्ल म्हणजे थंड, बाद म्हणजे आंघोळ, हुस म्हणजे घर. थंड आंघोळीचं घर. आत्ताची वास्तू 1903 ची. तिच्या आधीची 1902 च्या नाताळातल्या वादळाने उचलून नेली, आणि त्याच्याही आधी एक होती, तीही वादळानेच गेली. लोकांनी तिसऱ्यांदा बांधली. बरं, समुद्रात खांब रोवून असं घर बांधता कसं येतं? भूगोलाची बाई म्हणून एवढं सांगू द्या. तो समुद्र म्हणजे काटेगाट, डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधला. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, असून नसल्यासारखी, वीतभर. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. आपल्याकडे अशा घराच्या पायऱ्या दिवसातून दोनदा चिखलात लोंबकळल्या असत्या. तिकडे शिडीची शेवटची पायरी सकाळीही पाण्यात आणि संध्याकाळीही पाण्यात.

माझं माहेर हर्णैचं. घराच्या ओटीवरून सुवर्णदुर्ग दिसायचा. वयाची अठरा वर्षं मी समुद्रासमोर काढली. आणि समुद्रात किती उतरले? घोट्यापर्यंत. फार तर पोटऱ्या भिजल्या. एका हातात चपला, दुसऱ्या हातात परकर. भाऊ धक्क्यावरून उड्या मारायचे, आम्ही त्यांचे कपडे सांभाळायचो. कुणी मनाई केली होती असंही नाही, फक्त ते आमचं नव्हतं. ओले कपडे अंगाला चिकटणार, मग गावातून घरी कसं जायचं? एवढ्याशा प्रश्नापायी अख्खा अरबी समुद्र आम्ही बाहेरून पाहिला. इथे कोकणातल्या ज्या बायका बसल्या असतील त्या मान डोलावताहेत, दिसतंय मला.

तर काल्लबादहुसेतचे सरळ दोन भाग आहेत. एक बायकांचा, एक पुरुषांचा. मधे लाकडी भिंत. दोन्हीकडे ऊन खायला फळ्यांचे सज्जे, दोन्हीकडे गरम खोली, सौना म्हणतात ती, आणि दोन्हीकडून पाण्यात उतरायला शिड्या. आणि पोहण्याचे कपडे घालायचे नाहीत. घातले तर कुणी हाकलत नाही, पण रीत ती नाही. (सभागृहात शांतता) बघा, आता सगळे जागे झाले. (हशा)

तिकीट काढलं. यजमान उजवी-डावीकडे बघत पुरुषांच्या दारातून गेले, मी आणि लेक बायकांच्या. आत पाहते तर माझ्याच वयाच्या वीस-पंचवीस बायका. माझ्याहून मोठ्याही. कुणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेची खूण, कुणाच्या पोटावर, एकीचा एक स्तन काढलेला. ती सज्जावर पाय पसरून शब्दकोडं सोडवत होती. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. मला आमच्या गावची विहीर आठवली. पहाटे बायका एकमेकींच्या पाठी चोळायच्या तेव्हा कोण कुणाला लाजत होतं? ते पुढे कधीतरी आपण न्हाणीघराची कडी घालून आत ठेवून दिलं.

सौनात टॉवेल अंथरून बसायचं असतं, लाकडावर उघडं बसायचं नाही. मी बसले. समोर काच आणि काचेपलीकडे पाणी. दहा मिनिटांत जीव नकोसा झाला. लेक म्हणाली, "चल." बाहेर फळ्यावर खडूने पाण्याचं तापमान लिहिलेलं : 16. जूनचा तिसरा आठवडा होता. आपल्याकडे मुंबईला हवा सोळावर आली की वर्तमानपत्रात बातमी येते. मी शिडी धरली. पहिली पायरी, दुसरी पायरी, पोटऱ्या भिजल्या. म्हणजे इथपर्यंत माझा समुद्राशी जुना परिचय होता. त्यापुढची पायरी मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी उतरले. कंबर, छाती, आणि मग मी हात सोडले.

ओरडले असणार. कारण लगेच भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बुडी मारली." क्षणभर शांतता. मग पुन्हा आवाज, जरा खालच्या पट्टीत, "टॉवेलची पिशवी तुझ्याकडे आहे का?"

माझ्याकडेच होती. दोघांचे टॉवेल एका पिशवीत. हे गृहस्थ पंधरा मिनिटं पलीकडे उभे होते, नेसत्या कपड्यांनिशी, हातांची घडी घालून, अनोळखी उघड्या स्वीडिश लोकांना हवामानाबद्दल इंग्रजीत प्रश्न विचारत. (हशा) शेवटी लेकीने दारातल्या मुलीकडे टॉवेल दिला, तिने पलीकडे पोचवला. पुढे ते पाण्यात गेले की नाही याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. (यजमान : "गेलो होतो. गुडघ्यापर्यंत.")

हसण्यावारी नेऊ नका. माझा मुद्दा हाच आहे. त्या गावाने समुद्रातली आपली सगळ्यात देखणी इमारत बांधली आणि बरोबर अर्धी बायकांना दिली, शंभरावर वर्षांपूर्वी. ती बाहेरून पाहून फोटो काढणं म्हणजे हलवायाच्या दुकानाची पाटी वाचून परत येणं. आणि इमारतच कशाला, वारबेर्यच्या किनाऱ्याने चालत गेलात तर खडकांमध्ये नुसत्या बायकांची उघडं पोहण्याची जागा आहे, तिचं नाव शेरिंगहोलान, म्हातारीची खोबण म्हणा. पुरुषांची आहे तिचं नाव गूदा हॉप. म्हणजे काय, तर 'चांगली आशा'. आता पुरुषांच्याच जागेला आशा का, यावर माझा एक सिद्धांत आहे, पण...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अहो, मी अजून किल्ल्यातसुद्धा शिरले नाही! बरं, भरभर सांगते, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

किल्ला. थंड आंघोळीच्या घराला लागूनच, समुद्रात घुसलेल्या टेकाडावर. तेराव्या शतकाच्या शेवटी याकोब निएल्सेन नावाच्या सरदाराने बांधायला घेतला. डेन्मार्कच्या राजाचा, पाचव्या एरिकचा, 1286 मध्ये खून झाला, त्यात या सरदाराला दोषी ठरवून हद्दपार केलं होतं. गुन्हा शाबित झालेल्या माणसाने पहिलं काम काय केलं, तर किल्ला. हा सगळा हालांद प्रांत तेव्हा डेन्मार्कचा, 1645 च्या तहाने स्वीडनकडे आला. किल्ल्यात जुना तुरुंग आहे, त्याच्या कोठड्यांत आता प्रवासी पैसे देऊन झोपतात.

तिथलंच संग्रहालय चुकवू नका. 1936 मध्ये जवळच्या बोक्स्तेन नावाच्या दलदलीत एक माणूस सापडला, चौदाव्या शतकातला. दलदलीच्या आम्लाने केस टिकले आणि कपडेही टिकले, अंगरखा, झगा, लांब शेपटाची टोपी. त्या काळचा असा पुरता पोशाख जगात फारच थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो. त्याच्या देहातून खुंट ठोकलेले होते, त्यातला एक ओकचा. भूत होऊन उठू नये म्हणून, असं मानतात. शेजारी एक पितळी बटण आहे, आत शिसं भरलेलं, 1924 मध्ये सापडलेलं. राजा बारावा कार्ल 1718 मध्ये नॉर्वेत गोळी लागून मेला. त्याला साधी गोळी लागत नाही अशी समजूत होती, म्हणून त्याच्याच कोटाचं बटण वापरलं, अशी लोककथा आहे. हेच ते बटण का यावर अजून भांडण चालू आहे.

गावापासून दहाएक किलोमीटर आत ग्रिमेतोन. बिनतारी केंद्र, 2004 पासून जागतिक वारसा. 127 मीटर उंचीचे सहा मनोरे एका रांगेत, शेतांच्या मधून. 1925 मध्ये राजा पाचव्या गुस्ताव्हच्या हस्ते उद्घाटन. अमेरिकेशी तारायंत्राने बोलायला ते उभारलं, आणि आत व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही, नुसतं एक गरगर फिरणारं जनित्र, आलेक्सांदरसोन नावाच्या अभियंत्याने बनवलेलं. 17.2 किलोहर्ट्झ, म्हणजे एकेक लाट सतरा किलोमीटरहून लांब. दोनच वर्षांत लघुलहरींचं नवं तंत्र आलं आणि असली केंद्रं जुनी ठरली. त्या नव्या तंत्राचं आपल्याकडचं केंद्र कुठे होतं माहीत आहे? आपल्या खडकी आणि दौंडला, 1927 मध्ये. आपलं उरलं नाही, त्यांचं यंत्र अजून वर्षातून एक-दोनदा सुरू करतात, एकदा नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी, आणि जगभरचे हौशी लोक कान लावून बसतात.

दोन मिनिटं, दोनच. पत्रिकेत कबूल केलेला मुद्दा राहिला : तिथली लोकं समुद्रावर मुळात जायला लागली कशाला? मौजेला नाही, औषधाला. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर पाणी लिहून द्यायचे, झऱ्याचं प्यायला आणि समुद्राचं बुडायला, इतक्या बुड्या, इतके दिवस. गावाच्या दक्षिणेला आपेल्वीकेन नावाची वाळूची पुळण आहे. तिथे 1904 मध्ये योहान आल्मेर या डॉक्टरांनी हाडांच्या आणि गाठींच्या क्षयाने आजारी मुलांसाठी आरोग्यधाम काढलं. उपचार म्हणजे ऊन, खारी हवा आणि विश्रांती, कारण तेव्हा क्षयावर गोळी नव्हती. पुढे गोळ्या आल्या, मुलं घरी गेली, सवय मागे राहिली. आता त्याच पुळणीवर पोरं शिडाच्या फळीवर उभी राहून वाऱ्याशी झुंजतात. कायद्यानेच स्वीडनमधल्या नोकरदारांना उन्हाळ्यात सलग चार आठवडे रजा मागता येते, आणि ती ते अशा एकाच गावात काढतात. रोज तीच बुडी, तीच दालचिनीची पाव-गुंडाळी, तोच कोळंबी रचलेला पाव. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, तर घाई कशाची? आपण चार देश करतो. मला याच्यावर खूप बोलायचं होतं.

येत्तेरोनवरचे पक्षी राहिले, त्रेस्लोव्सलेगेचं कोळ्यांचं बंदर राहिलं, स्लाइड्स तर सगळ्याच राहिल्या. चहा आलाय, कळलं. फक्त एक : ऑगस्टमध्ये गेलात तर पाण्यात तांबडा जेलीफिश नाही ना हे बघून उतरा, तो चावरा असतो. पांढुरका, पारदर्शक दिसला तर खुशाल उतरा, तो बिचारा काही करत नाही.