टेकूवरचं जुनं नाशिक

मंडळी, मृगाचा पाऊस तोंडावर आला की जुन्या नाशकात एक कागद फिरतो. घर धोकादायक झालंय, उतरवून घ्या, अशी नोटीस. तांबट लेनच्या बाजूला एका वाड्यात मोजमापाला गेलो होतो. वरच्या बिऱ्हाडातल्या आजींनी असे सहा-सात कागद कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवले होते, वर्षाला एक. खाली रस्त्याकडेला भांड्यांचं दुकान, मधे चौक, वर तीन बिऱ्हाडं आणि दुसऱ्या खणात तुळईखाली टेकू. आजी म्हणाल्या, "पावसाळ्याआधी पाचर थोडी आत ठोकून घेतो."

शहर बाहेर पसरवण्याऐवजी वसलेल्या भागातच वाढवायचं, या विचाराला 'स्मार्ट ग्रोथ' म्हणतात. नाव अमेरिकेतलं. तिथल्या मेरीलँड राज्यानं १९९७ साली कायदा केला, की वाढीसाठीचा राज्याचा पैसा मुख्यतः वसलेल्या आणि ठरवून दिलेल्या भागांतच जाईल. लांब शेतात वसाहत उठवायला बंदी नाही. पण तिथल्या रस्त्या-गटारांसाठी तिजोरीकडे बघायचं नाही. खाली दुकान, वर घर, बाजार पायी गाठता यावा, ही त्या विचाराची शिकवण. रविवार कारंजा ते भद्रकाली चालून बघा. आपल्याकडे हे आधीपासून आहे, फक्त गळतंय.

आपण मात्र बाहेर पसरलो. १९८२ साली महापालिका झाली, सातपूर, नाशिकरोड एका छत्राखाली आले. २००१ साली पावणेअकरा लाखांवर असलेली वस्ती २०११ मध्ये पंधरा लाखांच्या घरात गेली. २०१६ साली केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यावर गावठाणाचं नाव आराखड्यात होतं, पण गाजला तो त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ हा जेमतेम किलोमीटरभराचा रस्ता आणि मखमलाबादच्या शिवारातली नवी नगररचना योजना, म्हणजे शेतजमिनी एकत्र करून प्लॉट-रस्ते नव्यानं आखणं. तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मला तो पटला होता.

मग जुने वाडे पुन्हा नव्यानं का उभे राहत नाहीत? पैसा हे निम्मंच उत्तर. भाडं इतकं जुनं, की त्यात मालकाचा घरपट्टीचा खर्चही निघत नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वारसांची रांग, त्यातला एखादा पुण्याला तर एखादा परदेशात. भाडेकरूला भीती, एकदा बाहेर पडलो की परत आत घेणार नाहीत. आणि ती भीती खोटी नाही, मी तसं होताना पाहिलंय. गल्ली अरुंद, त्यामुळे कागदावरचा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, जागेवर बसत नाही. सराफ बाजाराकडे आणखी पूररेषा. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचं पाणी मोजणाऱ्या गावाला ती कुणी शिकवायला नको, सप्टेंबर २००८चा पूर अजून आठवतो.

राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली २०२० साली आली, तिच्यात क्लस्टरची, म्हणजे शेजारची जुनी घरं एकत्र घेऊन नव्यानं बांधायची, वाट आहे. पण क्लस्टर म्हणजे गल्ल्या पुसून टॉवर, असं होणार असेल तर माझा त्याला विरोध राहील. चार-पाच लागून असलेले वाडे एकत्र घ्या, भिंतीला भिंत राहू द्या, आणि वाडा उतरवण्याआधी प्रत्येक भाडेकरूची जागा चौरस फुटांत लिहून नोंदणी करा. कुदळ त्यानंतर.

त्या वाड्याच्या कराराचा मसुदा करायला बसलो, तेव्हा मी वरच्या बिऱ्हाडांपासून सुरुवात करत होतो. आजींनी थांबवलं. "आधी खालच्या दुकानाचं लिहा. ते गेलं की रात्री गल्लीत दिवा राहायचा नाही." पहिलं कलम आता दुकानाचं आहे.